शाहिराला दिवसाच्या सत्रात बोलवा : कोकणातल्या साहित्य संमेलनांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
कोकणात ठिकठिकाणी साहित्य संमेलनं भरवणारे संयोजक, सार्वजनिक वाचनालयांचे पदाधिकारी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांतले प्राध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगतो. दिवाळीनंतर संमेलनांचा हंगाम सुरू होईल. त्याची कार्यक्रमपत्रिका ठरवायला तुम्ही बसाल तेव्हा शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन पक्षांनी सवाल-जवाब करत गायच्या जाखडी नाचाच्या, नमनाच्या, भीमगीतांच्या शाहिराला रात्री जेवणानंतरच्या मनोरंजनात टाकू नका. सकाळच्या सत्रात, कवी-कथाकारांच्या शेजारी, लेखक म्हणून त्याला बोलवा. त्याची वही मागून घ्या, वाचा, आणि तिच्यातलं जे टिकाऊ वाटेल ते त्याच्या नावानं छापा.

मी दापोली तालुक्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. जवळपास कुठंही संमेलन असलं की ग्रंथदिंडी काढण्यापासून सतरंज्या गुंडाळण्यापर्यंत हाताशी असतो. त्यामुळे कार्यक्रमपत्रिका कशी ठरते ते जवळून पाहिलं आहे. एका संमेलनात आमच्या भागातल्या जाखडीच्या मंडळाला रात्री नऊची वेळ दिली होती. कविसंमेलन लांबलं, मग आभार, मग जेवणं. नाचाची पोरं पायात घुंगरू बांधून मंडपामागे बसून होती. साडेअकराला ढोलकीवर थाप पडली तेव्हा अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, परिसंवादातले वक्ते सगळे विश्रामगृहावर गेलेले होते आणि मंडपवाला मागच्या खुर्च्या एकात एक घालत होता. छापील पत्रिकेत प्रत्येक कवीचं नाव होतं, गाव होतं. शाहिराच्या जागी 'स्थानिक लोककलावंत' एवढंच. त्या रात्री त्या माणसानं म्हटलेली सगळी गाणी त्यानं स्वतः बांधलेली होती. ओस पडलेली घरं, पडीक टाकलेली शेतं, माकडांनी लुटलेल्या बागा, मुंबईत भाड्याच्या खोलीत म्हातारा झालेला चाकरमानी, सगळं त्या गाण्यांत होतं. सकाळी ग्रामीण साहित्यावरच्या परिसंवादात याच गोष्टींवर दोन तास चर्चा झाली होती. ती करणाऱ्यांपैकी एकही जण गाणी ऐकायला थांबलेला नव्हता.

त्या संयोजकांना मी दोष देत नाही. त्यांनी शाहिराला निदान बोलावलं. पण गाणं म्हणजे करमणूक आणि छापलेलं म्हणजे साहित्य ही वाटणी आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की ती कुणाला खुपतही नाही. मराठीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर ही वाटणी एक क्षणभरही टिकत नाही.

अण्णा भाऊ साठ्यांचंच बघा. १ ऑगस्ट १९२० ला सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात, मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा जेमतेम दीड दिवसाची, असं सगळेच सांगतात. पोरवयात घरच्यांबरोबर चालत मुंबई गाठली, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं पक्की केली. लेखक म्हणून त्यांचा पहिला बोलबाला झाला तो पोवाड्यानं. दुसरं महायुद्ध चालू असताना त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला आणि परळ-लालबागच्या कामगारानं तो डोक्यावर घेतला. १९४४ मध्ये अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे तमाशावर सरकारी बंदीचं सावट आलं तेव्हा तोच बाज लोकनाट्य या नावानं त्यांनी कामगारवस्तीत, मैदानांत नेला. तमाशाची सुरुवात गणानं, म्हणजे गणपतीच्या स्तवनानं होते, मग कृष्ण-गवळणींची गौळण येते. अण्णा भाऊंनी गौळण काढली आणि गणात मायभूमीला, शिवरायांना, लढून मेलेल्यांना वंदन घातलं.

हा बदल साधा नाही. गण म्हणजे खेळाचा उंबरठा. तिथं कुणाला नमस्कार करायचा हे ठरलं की पुढचा सगळा खेळ कुणाच्या बाजूनं उभा राहणार तेही ठरतं. महात्मा फुल्यांच्या विचारांतून निघालेल्या सत्यशोधकी जलशांनी, म्हणजे तमाशाच्या बाजावर बेतलेल्या प्रबोधनाच्या खेळांनी, हे आधीच ओळखलं होतं. त्यांनी गणपतीचा अर्थच गणांचा, म्हणजे लोकांचा, धनी असा लावला. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९३० च्या सुमारास आंबेडकरी जलसा उभारला, तो हीच वाट पुढे नेणारा. अण्णा भाऊ त्या वाटेवरचे तिसरे. रचना तीच, ढोलकी तीच, ऐकणारा माणूसही तोच. फक्त तो आता हात जोडायचा तो स्वतःच्या माणसांपुढे. समाज बदलण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ करतो, पण तो बदल माणसाच्या जिभेवर कसा चढतो हे बघायचं असेल तर या तीन गणांकडे बघावं.

याच माणसानं पुढे तीसपेक्षा अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ मध्ये आली, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली, आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. आपल्या अभ्यासक्रमांत 'फकिरा' साहित्याच्या तासाला येते आणि त्यांची गाणी लोककलेच्या तासाला. मी वर्गात मुलांना 'फकिरा'तले झुंजीचे प्रसंग मोठ्यानं वाचायला लावतो. आखूड वाक्यं, चढत जाणारा वेग, मध्येच सगळ्या गावाला घातलेली साद. डफ नसलेला पोवाडाच तो. अण्णा भाऊंचं गद्य त्यांच्या गाण्यातून आलं आहे, आणि हे मुलांना आधी कळतं, कारण वाचता वाचता त्यांचे पाय ठेका धरतात. मार्च १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलितांच्या तळहातावर तरली आहे, असं ते तिथं म्हणाले. एवढं मोठं विधान एका वाक्यात, तेही पुराणातली प्रतिमा उलटी करून मांडायचं, ही सवाल-जवाबाची तालीम आहे. ती व्याख्यानं ऐकून येत नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे कधी आलं नाही.

आणखी एक गोष्ट. पठ्ठे बापूरावांची मुंबईवरची लावणी प्रसिद्ध होती, शहराची शोभा सांगणारी. अण्णा भाऊंनी मुंबईवर आपली लावणी रचली आणि तिच्यात एका बाजूला मलबार हिलचं सुख, दुसऱ्या बाजूला परळात रात्रंदिवस राबणाऱ्यांचा घाम ठेवला. हे गाण्याला गाण्यानं दिलेलं उत्तर आहे. आमच्याकडे गणपतीत दोन शाहीर समोरासमोर बसून पहाटेपर्यंत हेच करतात, तेव्हा आपण त्याला सामना म्हणतो. एका लेखकानं दुसऱ्याच्या भूमिकेला त्याच्याच प्रकारात उत्तर देणं याला छापील जगात समीक्षा म्हणतात. ती तुमच्या परिसंवादात बसते. मग शाहीर का बसू नये?

तुम्ही म्हणाल, अण्णा भाऊ वारणाकाठचे, कोकणाचा काय संबंध? आहे, आणि फार जवळचा आहे. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाचं गाणं, घ्या. घरधनी पोटासाठी मुंबईला आला, बायको गावी राहिली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचा शंभर वर्षांचा इतिहास एवढाच आहे. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात मुंबईच्या गिरणी कामगारांत सगळ्यांत मोठा भरणा आमच्या जिल्ह्याचा होता. गावमंडळाच्या खोलीत पंधरा-वीस बाप्ये पाळीपाळीनं झोपायचे, खानावळीत जेवायचे, मनिऑर्डर करायचे. गावात बाई एकटी शेत ओढायची, सासू-सासरे बघायची, आणि गणपती-शिमग्याला बोटीनं आणि पुढे यष्टीनं येणाऱ्या नवऱ्याची वाट बघायची. त्या बाईचं रूप, तिची समजूत काढणं, निघतानाची तिची घालमेल अण्णा भाऊंनी ज्या जिव्हाळ्यानं लिहिली, ती कोकणातल्या किती छापील कथांत सापडते ते प्राध्यापकांनी मला दाखवावं. मी स्वतः हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते रेडिओवर नाही, तर भातलावणीला. गिरणीतल्या माणसांच्या बायका ते म्हणायच्या. शब्द थोडे इकडेतिकडे झालेले, मैनेच्या तोंडून राघूला उद्देशून. गाण्यातल्या पुरुषाला त्या बायकाच जवाब देत होत्या.

मग शेवटाकडे तेच गाणं वळतं आणि त्या विरहात संयुक्त महाराष्ट्र येतो. मुंबई मिळाली तरी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावावर हक्क सांगणाऱ्यांची तगमग येते. नकाशा काढून बघा. खाली कारवार, वर उंबरगाव. आपल्याच किनारपट्टीची दोन टोकं ती. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा दोन्ही टोकं पलीकडे राहिली. राज्यपुनर्रचनेवर तेव्हा अग्रलेख किती आले असतील, ठराव किती झाले असतील. पण कारवार हे नाव बायको गावी ठेवून आलेल्या माणसाच्या दुखण्याशी बांधलं ते एका छक्कडीनं, म्हणून ते आजही गिरणगावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे. त्याच चळवळीत उत्तर कोकणातले, पालघरकडच्या मकुणसारचे आत्माराम पाटील पोवाडे गात होते. अमर शेखांच्या आवाजानं मैदानं भरत होती. शाहिरांना वगळून संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास लिहून बघावा, अर्धी पानं कोरी राहतील.

आपल्या मातीतल्या झगड्यांकडेही जरा येऊ. कोकणात खोती होती, गावची जमीन आणि साऱ्याची वसुली खोताच्या हाती. कुळानं घाम गाळायचा आणि अर्धेल-तिर्धेलीनं, म्हणजे अर्धा किंवा तिसरा वाटा, पीक खोताच्या पडवीत नेऊन घालायचं, वर वेठ वेगळीच. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी हाती घेतलं. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली जमीन कसायला नकार दिला. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चानं मुंबईत गेले, आणि खोती उठवणारा कायदा यायला १९४९ साल उजाडलं. एवढा सगळा काळ ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. बाबासाहेबांची 'बहिष्कृत भारत' आणि पुढे 'जनता' ही पत्रं निघाली, ती वाचून दाखवणारा वाडीत एखादाच. बाकीच्यांपर्यंत ही गोष्ट कानानं गेली. भजनाच्या चालीवर, जात्यावरच्या ओवीत, जलशाच्या पदात बसून गेली.

आमच्या दापोलीच्या कॅम्पात पेन्शनीत निघालेल्या महार सैनिकांची वस्ती होती. अस्पृश्यतेविरुद्ध आधीच्या पिढीत लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर निवृत्तीनंतर तिथंच राहिले, आणि बाबासाहेबांचं लहानपणीचं काही वास्तव्य तिथलंच. त्या भागातल्या बौद्धवाड्यांत आजही १४ एप्रिलच्या रात्री वामनदादा कर्डकांची गाणी होतात. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. तरुणपणी मुंबईत आल्यावर अक्षरं शिकले आणि मग हजारो गाणी लिहिली. घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आहे, पण बाबासाहेबांनी नेमकं काय सांगितलं हे ज्या बायांना शाळेचं तोंडही दिसलं नाही त्यांना तोंडपाठ आहे, ते या गाण्यांमुळे. मुलीला शाळेत घाल, दारू सोड, मेलेलं ढोर ओढू नकोस, पोरीला देवाला सोडू नकोस. हे उपदेश कीर्तनात, जलशात, मग ध्वनिमुद्रिकेत, मग कॅसेटवर आणि आता मोबाइलवर आले. मी शिकवलेल्या मुलींपैकी काहींच्या आयांनी हट्टानं त्यांना बारावीपुढे पाठवलं. त्यांना विचारलं तर त्या कुठल्याही पुस्तकाचं नाव घेत नाहीत, गाण्याची ओळ म्हणून दाखवतात.

ही गाणी ऐकत वाढलेल्या पिढीनं मराठी साहित्याचा चेहरा बदलला. बाबुराव बागूल माटुंग्याच्या त्याच लेबर कॅम्पात वाढले. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ मध्ये आलं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. नारायण सुर्वे गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं वाढवलेला पोरका मुलगा. त्यांचं 'डोंगरी शेत माझं गं' हे गीत स्त्रियांच्या चळवळीनं गावोगाव नेलं. ज्यानं वरकस जमिनीवर नाचणी-वरीची बेणणी केली असेल, त्याला ते गाणं आपल्या डोंगरावरचंच वाटतं. आणि रत्नागिरीच्या मातीतल्या ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ मध्ये आलं, तेव्हा डोक्यावर भारे घेऊन घाट उतरणाऱ्या आमच्या बायका पहिल्यांदा इतक्या ठळकपणे छापील पानावर आल्या. त्या गाण्यात आधीपासून होत्या. आपलं लक्ष तिकडे नव्हतं.

आता त्या वहीबद्दल सांगतो, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो.

आमच्या शेजारच्या वाडीत एक वृद्ध शाहीर आहेत. नाव लिहीत नाही, कारण परवानगी घेतलेली नाही. हंगामात मुंबईला नोकरी, गणपतीत रजा टाकून गावी नाच, अशी त्यांची उमर गेली. परळच्या दामोदर नाट्यगृहात त्यांचे सामने रंगले आहेत. त्यांच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे. झांजांची एक जोडी, घुंगरांचे चाळ, आणि खताच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेल्या हिशेबाच्या लांबट वह्या. प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात 'चाल' असं लिहून एखाद्या जुन्या सिनेगीताचे पहिले दोन शब्द. धृपद लाल शाईनं, कडवी निळ्या शाईनं. जिथं मात्रा जुळली नाही तिथं शब्द खोडून वर बारीक अक्षरात दुसरा, कधी तोही खोडून तिसरा. शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव आणि मग स्वतःचं. समासात दुसऱ्याच पेनानं कुठल्या गावात गाणं म्हटलं, समोरच्या शाहिरानं काय जवाब दिला, त्यावर आपण काय फिरवलं, याची नोंद. हस्तलिखितावर काम करणाऱ्या कुणाही अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ती वही आहे. पावसाळ्यात माळ्यावर दमट होतं. कसर लागली आहे. काही पानं एकमेकांना चिकटून गेली आहेत आणि ती सोडवायला गेलं की लाल शाई पलीकडच्या पानावर उतरते.

त्या वहीत निसर्ग वादळावरचं एक गाणं आहे. ३ जून २०२० ला ते वादळ श्रीवर्धनकडून आत घुसलं आणि मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी या आमच्या सगळ्या किनाऱ्यावर नारळी-पोफळी आडव्या झाल्या. शाहिरांनी त्या गाण्यात आधी पडलेली झाडं मोजली नाहीत, लावणारे हात मोजले. ही आज्यानं लावली, ही बापानं, ही मी, आणि पोफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात तर आता लावेन ती कोण खाईल? मग पुढचं कडवं थेट सरकारला: भरपाई हेक्टरी जाहीर झाली, माझी बाग गुंठ्यांत, तर हिशेब कसा लावायचा तो साहेबांनी येऊन शिकवावा. कोकणातल्या तुकड्यातुकड्यांच्या जमिनीबद्दल वर्तमानपत्रांत जे लांबलचक लेख आले, त्यांचं मर्म या चार ओळींत आहे. त्या वर्षी करोनामुळे गणपतीत नाच झाले नाहीत. गाणं वहीतच राहिलं. पुढच्या वर्षी त्यांचा आवाज बसलेला होता. म्हणजे ते गाणं आजवर एकदाही मांडवात गेलेलं नाही. मला ते वाचायला मिळालं एवढंच.

तुमच्या शंका मला ठाऊक आहेत. सामन्यांत पातळी सुटते, एकमेकांच्या घरावर, बाईमाणसांवर टोमणे जातात. खरं आहे, आणि मलाही ते सहन होत नाही. विशेषतः आता बायका शाहीर म्हणून पुढे आल्या आहेत, त्यांच्या तोंडावर जे गायलं जातं ते ऐकून मी उठून गेलो आहे. पण मध्यरात्रीनंतर शिट्ट्यांसाठी जमलेल्या गर्दीपुढेच त्याला उभं केलं तर तो काय गाईल? याच शाहिराला हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत तोंडपाठ लागतं, कारण शक्तीचा मोठेपणा की शिवाचा या वादात समोरून पुराणातला सवाल कुठूनही येतो. त्याला वाचणारा श्रोता द्या, आणि मग त्याची पातळी ठरवा. दुसरी शंका सिनेमाच्या चालींची. चाल ही शब्द वाहून नेणारी होडी आहे. अभंगाला, ओवीला, आरतीला आपण चाली लावतच आलो. सिनेमाची चाल घेतली म्हणून शब्द सिनेमाचे होत नाहीत.

आणि भाषेचं म्हणाल, तर पेशवाईतले शाहीर आज अभ्यासक्रमात आहेत. राम जोशी आहेत, अनंत फंदी आहेत, होनाजी आहे, प्रभाकर आहे. प्रभाकर दातार मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा. त्यांच्या काळात त्यांनाही करमणूक करणारेच म्हणत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज अधिकारी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांच्या तोंडून आणि बाडांतून पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले, म्हणून आज आपल्याला इतिहासाची ती साधनं वाचायला मिळतात. त्या दोघांनी तेव्हा हे काम केलं नसतं तर किती पोवाडे गायकाबरोबर गेले असते याचा अंदाजही करवत नाही. आज आपल्याजवळ मोबाइलचा कॅमेरा आहे, रस्ते आहेत, रेल्वे आहे, आणि तरीही ट्रंकेतल्या वह्यांपर्यंत आपण पोचत नाही.

म्हणून मागणी पुन्हा, थोडी तपशिलात. संमेलनात निदान एक दिवसाचं सत्र शाहिरांचं ठेवा. त्यात गाणं असू दे, पण गाण्यानंतर बोलणंही असू दे. हे कडवं असं का बांधलंस, हा शब्द का बदललास, हे विचारणारा जाणकार समोर बसवा. परिसंवादाच्या वक्त्याला जे मानधन, जो प्रवासखर्च, तोच शाहिराला द्या, आणि पत्रिकेत नाव-गाव छापा. स्मरणिकेत दरवर्षी दोन-तीन शाहिरांची गाणी, चालीच्या नोंदीसकट घ्या. वाचनालयांनी आपापल्या पंचक्रोशीतल्या वह्यांची यादी करावी, मालकाच्या परवानगीनं पानापानाचे फोटो काढून ठेवावेत, मूळ वही त्याच्याच घरी राहावी. पुष्कळ शाहिरांना वही हातातून गेली की गाणं दुसऱ्या मंडळात गायलं जाईल अशी भीती असते, आणि ती रास्त आहे. तेव्हा छापताना हक्क शाहिराचा हे आधी कागदावर लिहून द्या.

महाविद्यालयांना हे जमणार नाही असं नाही. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, शाहीर अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे. तिथं वाट पडलेली आहे. आपल्या मराठी विभागांतल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी तेच ते कादंबरीकार प्रकल्पाला देण्याऐवजी एकेक शाहीर द्या. मुलांच्याच वाडीतला असेल, कुणाचा आजोबाच असेल. आजोबाची वही घेऊन नातू वर्गात उभा राहील, तेव्हा त्याला मराठी साहित्य कुणाचं हे वेगळं सांगावं लागणार नाही.

माझ्याकडून जे होईल ते मी करीन. आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांनी फोटो काढायचं आणि गाणी उतरवून घ्यायचं काम अंगावर घेतलं आहे. त्यांना एखाद्या वाचनालयाची साथ हवी आहे, चांगल्या प्रकाशाची एक खोली हवी आहे, आणि जुनी अक्षरं लावून देणारा एखादा प्राध्यापक. गणपतीला चाकरमानी येतात, ट्रंका उघडतात, तोच या कामाला योग्य वेळ. तारखा लवकर ठरवा. मुंबईला नोकरी करणाऱ्या शाहिराला रजेचा अर्ज महिनाभर आधी टाकावा लागतो, आणि संमेलनाच्या सकाळच्या सत्राला तो यावा अशी तुमची खरोखरच इच्छा असेल तर निमंत्रण गणपतीतच, त्याच्या मांडवात जाऊन द्या.

आपला,
दापोली तालुक्यातला एक मराठीचा शिक्षक